दोरावरील हिसका

चिखल्याची मँगनीजची भूमिगत खाण आपल्या तुमसर तालुक्यांतच आहे. खोल खाणींत माणसांचा पाळणा पोलादी दोरावर चढतो-उतरतो. असा दोर वजन किती पेलतो, एवढेंच विचारून भागत नाहीं; हिसका किती सोसतो, हेंही विचारावें.

विद्यार्थिमित्रहो, घरीं ताणकांट्यास हलकें वजन अडकवा, हातानें उचलून कांटा शून्यावर आणा आणि एकदम सोडा. कांटा क्षणभर जवळजवळ दुप्पट आंकडा दाखवील! एक किलोचें वजन मीटरभर पडून ५ सेंटिमीटरांत थांबलें, तर दोरावर सरासरी २१ किलोंची ओढ बसते. दोर जितका कमी ताणेल, तितका धक्का मोठा. म्हणूनच गिर्यारोहकांचा दोर मुद्दाम ताणणारा करतात.

सूत्र पाठ करण्यापेक्षां हें मला अधिक मोलाचें वाटतें. पालकांनीं चार हात सुतळी तुटली म्हणून रागावूं नये. वजनाखालीं मुलांचा पाय नाहीं, एवढें मात्र पहावें.