गणिताविना ४६४ शाळा

दक्षिण आफ्रिकेतल्या ४६४ सरकारी शाळांत दहावी ते बारावीला गणित शिकवलेच जात नाही, अशी कबुली तिथल्या शिक्षणमंत्री सिविवे ग्वारुबे यांनी संसदेत दिली. कारणे ठरलेलीच. शिक्षक मिळत नाहीत, विद्यार्थ्यांची मागणी नाही. जो विषय शाळेच्या वेळापत्रकातच नाही, तो त्या पोरांनी मागायचा कोणाकडे?

ही नामुष्की अशा देशाची आहे, जिथे शालेय गणित ऑलिम्पियाड १९६६ पासून होते आहे. केप टाऊन विद्यापीठाची स्पर्धा १९७७ पासूनची. तीत मुले एकेकटी उतरतात तशी जोडीनेही उतरतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड रुमानियात सुरू झाले १९५९ साली. ते आफ्रिकेच्या भूमीवर यायला २०१४ उजाडले, आणि तो मानही केप टाऊनचाच. १९८७ मध्ये मोरोक्कोतल्या रबातला सुरू झालेल्या सर्व-आफ्रिका गणित ऑलिम्पियाडमध्येही हा देश मातब्बर मानला जातो. हे कमावलेले आहे. सुट्ट्या खर्चून पोरांना भूमिती आणि संख्यासिद्धांत शिकवणाऱ्या शिक्षकांनी ते उभे केले. आमचा संताप त्यांच्यावर नाही. ज्यांनी पदकविजेत्यांसोबत छायाचित्रे काढून घेतली आणि शाळांमधले गणित बंद पडू दिले, त्यांच्यावर आहे.

नववीपर्यंत तिथे गणित सर्वांना सक्तीचे. ऑलिम्पियाडची कनिष्ठ गटाची परीक्षा आठवी-नववीच्या मुलांसाठी असते. म्हणजे क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या एखाद्या खेड्यातली मुलगी या परीक्षेत चमकू शकते. तिची बुद्धी कागदावर सिद्ध होते, शाळेत कौतुक होते. आणि पुढच्या जानेवारीत ती दहावीच्या वर्गात जाते तेव्हा गणिताचा तासच नसतो! तिच्या वाट्याला येते ‘गणिती साक्षरता’. आपल्याकडे एके काळी दहावीला ‘सामान्य गणित’ होते, त्याच जातकुळीचा हा विषय. वीजबिल, कर्जाचे हप्ते, तक्ते वाचणे. ते यायलाच हवे. पण त्यावर अभियांत्रिकी वा वैद्यकीय शाखेचे दार उघडत नाही. हुशार मूल शोधायचे आणि शोधल्यावर त्याला वाऱ्यावर सोडायचे, याला प्रतिभाशोध म्हणत नाहीत.

१९५३ मध्ये काळ्या मुलांसाठीचा बांटू शिक्षण कायदा आणताना वर्णभेदी राजवटीतले मंत्री हेन्ड्रिक फेरवूर्ट यांनी संसदेत विचारले होते की, ज्याला गणिताचा उपयोगच करता येणार नाही त्या काळ्या मुलाला ते शिकवून काय साधणार? वर्णभेदाची राजवट गेली, मंडेला आले, कायदे बदलले. पण या शाळांतल्या मुलांच्या हाती आज पडते ते फेरवूर्ट यांना हवे होते तेच. हेतू वेगळा आहे, हे मान्य. त्या मुलीला त्याचा काय उपयोग?

यामागे निकालाच्या टक्केवारीचा हव्यासही आहे. २०२४ च्या मॅट्रिकचा, म्हणजे तिथल्या बारावीचा, निकाल ८७.३ टक्के लागला, तोवरचा सर्वोच्च. त्याच वर्षी गणिताला बसणारे विद्यार्थी १२ हजारांहून अधिक घटले. अवघड विषयाकडून सोप्याकडे पोरे वळवली की निकाल फुगतो, हे मुख्याध्यापकांना कळते आणि शिक्षणखात्यालाही. तरी विक्रमी निकालाचे अभिनंदन होते.

हे दुखणे एकट्या दक्षिण आफ्रिकेचे नाही. घानात १९९३ पासून विज्ञान-गणिताची प्रश्नमंजूषा दूरचित्रवाणीवर होते आणि अंतिम फेरीला सारा देश पडद्यासमोर बसतो. मुलांच्या गणितावर एवढे प्रेम करणारे देश जगात थोडेच. पण सर्वाधिक विजेतेपदे प्रेसेक आणि प्रेम्पे या दोन नामांकित शाळांकडेच गेली आहेत. स्पर्धा उत्तम शाळांना आणखी उजळवते. जिथे शिक्षकच नाही तिथे ती शिक्षक नेमू शकत नाही. ते काम सरकारचे. खासगी प्रायोजकांच्या पैशावर चालणाऱ्या परीक्षांकडे बोट दाखवून सरकारला त्यातून सुटता येणार नाही.

शिक्षक तातडीने मिळत नसतील तर दोन-तीन शाळा मिळून एक नेमा, त्याच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च द्या, विद्यापीठांतले पदवीधर वर्षभर पाठवा. कनिष्ठ गटात चमकलेल्या प्रत्येक मुलाला दहावीत गणित मिळेल याची लेखी हमी द्या. आणि त्या ४६४ पैकी किती शाळांत येत्या जानेवारीत गणिताचा वर्ग भरणार, हे ग्वारुबे यांनी शाळांच्या नावानिशी संसदेत सांगावे.