केस मिटवा, पण पावती जाळू नका



आपल्या एका पाड्यावरचा पोरगा पोलीस भरतीत उतरला. पळण्यात पास, लेखीत पास. मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. 'तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का?' या रकान्यात त्यानं 'नाही' लिहिलं. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. काही वर्षांपूर्वी फॉरेस्टवाले उभी वरई उपटायला आले, तेव्हा सगळं घर शेतात आडवं झालं होतं. सरकारी कामात अडथळा म्हणून सगळ्यांवर केस झाली, यादीत हापण होता. पुढं त्याच शेताचा वनहक्काचा पट्टा बापाच्या नावावर आला. पोराला वाटलं, पट्टा आला म्हणजे केस गेली. केस गेली नव्हती. आता नेमणूक अडकून पडलीय.

आपल्यातल्या किती जणांना असंच वाटतंय! 2006 च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. पण त्या अन्यायातून लागलेल्या केसेस आपोआप रद्द होतील, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. म्हणजे जमीन आमची हे सरकारला मान्य, आणि त्याच जमिनीवर उभं राहिलो हा गुन्हाही कायम. हे कसं काय?

रस्ता नाही असं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 321 कलमाखाली (नव्या कायद्यात 360) सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीनं खटला मागे घेऊ शकतो. आरोप ठेवण्याआधी मागे घेतला तर आरोपमुक्त, नंतर घेतला तर निर्दोष. राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले मागे घ्यायचे जी.आर. सरकार काढतंच की. मग पट्टा मिळालेल्या जमिनीवरच्या केसेसचा जी.आर. काढायला काय अडतंय? आपली मागणी तीच आहे, आणि ती ग्रामसभेच्या ठरावानं, नावानिशी यादी जोडून गेली पाहिजे. नुसत्या घोषणेनं वकील उठत नाही.

त्या पोराचं अजून एक आहे. केस झाली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, कागदावर वीस लिहिलंय. असं खूप जणांचं झालंय, कारण वय विचारतो कोण? अंदाजानं लिहितात. पण अठराच्या आतल्या पोरावरची केस बाल न्याय मंडळाकडं जायला पाहिजे, आणि तिथं निकाल लागलेल्या मुलाला त्या गुन्ह्यामुळं पुढं अपात्र धरता येत नाही. वयाचा मुद्दा कधीही काढता येतो, निकाल लागल्यावरसुद्धा. म्हणून शाळेचा दाखला जपून ठेवा.

फॉर्ममध्ये मात्र लपवू नका. 2016 साली अवतार सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की माहिती खरीच द्यायची, आणि बारीकसारीक केस असेल तर मालकानं विचार करून ती सोडूनही द्यावी. म्हणजे केस लिहूनही नोकरी मिळू शकते. लपवली आणि सापडली, तर दुप्पट भांडायला लागतं.

आता महत्त्वाचं. केसच्या भीतीनं काही घरांत जुने पीओआर, दंडाच्या पावत्या चुलीत घातल्या. माझ्या आजीनंपण घातल्या, म्हणे घरात बला नको. असं करू नका! 13 डिसेंबर 2005 च्या आधी आपण ती जमीन कसत होतो, हे दाव्यात दाखवायचं असतं. अमुक साली अमुक माणूस इथं नांगरत होता, हे त्यांच्याच गार्डनं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय. यापेक्षा मोठा पुरावा कुठला आणणार? केस मिटली तरी कागद राहू द्या. आणि कोर्टाचा निकाल लागला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या, एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. नाहीतर तिथल्या वहीत आपण तसेच आरोपी राहतो.

पुढच्या बैठकीला येताना पीओआर, पावत्या, समन्स, पट्टा, शाळेचा दाखला, जे असेल ते पिशवीत घालून आणा. भिजलेलं, फाटलेलं असलं तरी आणा. पाड्यावरच्या बारावी झालेल्या पोरापोरींनी पेन घेऊन यावं, यादी तिथंच करू.