जोडधंद्याला आधी धंदा हवा

मारेगावच्या शेतकऱ्याला गेल्या पन्नास वर्षांत जितका उपदेश मिळाला, तितका जर वेळेवर पाऊस मिळता, तर ह्या लेखाला कारण उरले नसते. कोंबड्या पाळा, गाई पाळा, रेशमाचे किडे पाळा, असे त्याला क्रमाक्रमाने सांगून झाले. आता सांगतात, पाहुणे पाळा! ह्या नव्या उपदेशाचे नाव कृषिपर्यटन. शहरातल्या माणसाने शेतावर यावे, बंडीत बसावे, चुलीवरची भाकर खावी, चार बोंडे हाताने वेचून पाहावीत आणि जाताना पैसे मोजावेत; की झाले, शेतकऱ्याचे दैन्य फिटले.

कल्पना मुळातच वाईट आहे, असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. बारामतीजवळच्या पळशीवाडीला पांडुरंग तावरे ह्यांनी २००५ च्या सुमारास हा प्रयोग उभा केला. तो चालला, आणि त्याचे पाहून इतरांनीही उचलला. २०२० च्या सप्टेंबरात राज्य सरकारने कृषिपर्यटनाचे धोरण मंजूर केले. नोंदणीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि त्याच्या आधारावर बँकेकडे कर्ज मागावे, अशी सोय त्यात आहे. पाहुण्याकडून पैसे घेणे हा अधर्म, असे म्हणून नाक मुरडणारे आमच्याकडे आहेत. त्यांच्याशीही माझे जमत नाही. दर हिवाळ्यात शहरातले सोयरे मोटारी घेऊन येतात, तुरीच्या शेंगा आणि वांगी पोत्याने भरून नेतात आणि वर म्हणतात, ‘तुमचं बरं आहे बुवा, खेड्यात सगळं फुकट!’ त्यांनी पैसे मोजले तर मला आनंदच होईल. माझे भांडण आहे ते ही कल्पना औषध म्हणून विकणाऱ्यांशी.

जोडधंदा हा शब्दच पाहा. तो कशाला तरी जोडायचा असतो. मूळ धंदा दोन पैसे राखत असेल तर जोडधंद्याने चार होतात. मूळ धंदाच तोट्यात असेल तर जोडायचे ते तोट्यालाच. ह्याचा धडा आम्ही एकदा गिरवला आहे. २००६ साली विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पंतप्रधान पॅकेज आले आणि त्यात कर्जबाजारी शेतकऱ्याला दुभत्या गाई देण्याची योजना निघाली. गाय चांगली होती. पण तिला चारा हवा, पाणी हवे, दूध नेणारी गाडी हवी. ज्याच्या घरात माणसांच्या पोटाची भ्रांत, त्याने तिला काय घालावे? अनेकांना ती पोसवली नाही. पाहुण्याची गोष्ट गाईहून वेगळी नाही. फरक इतकाच, की पाहुण्याला वर स्वच्छ संडास आणि अंघोळीला गरम पाणी लागते.

ह्या धंद्याचे दाखले देणारे इटलीचे नाव हटकून घेतात. जरूर घ्यावे. परंतु इटलीने १९८५ साली ह्या विषयावर जो कायदा केला, त्यात शेती हा मुख्य धंदा आणि पाहुणचार हा तिला पूरक, असे स्पष्ट बांधून दिले. तेथे आधी शेत आणि मग पाहुणा. आपल्याकडे शेत कसे चालेल हे विचारले, की पाहुण्याकडे बोट दाखवतात.

आता आमच्या शेताचा हिशोब घ्या. २०२५ साली लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ करण्यात आले, आणि पुढे ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आमच्या पऱ्हाटीतला कापूस फुटून बाजारात जाण्याचेच दिवस! त्या दिवसांत परक्या कापसाला दार उघडायचे आणि शेतकऱ्याला सांगायचे, तू पाहुण्याला दार उघड. ह्याला धोरण म्हणावे की थट्टा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भूगोलाचाही विचार कोणी करीत नाही. पळशीवाडीच्या पाहुण्याला पुणे शे-सव्वाशे किलोमीटरवर आहे. मारेगावला जवळचे मोठे शहर म्हणजे नागपूर. तेथून माणूस निघाला तर तीन-एक तास जाणार, आणि डांबरी सडकेवर उतरल्यावर पुढे पांदण. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीची पांदण बैलालाही पाय उचलू देत नाही. मोटारीची गोष्टच सोडा. उन्हाळ्यात वावर उघडे पडलेले असते. पाहण्यासारखे असते ते ऊन. राहिले दिवाळी ते संक्रांतीचे दिवस. शहराला सुटी तेव्हाच असते, आणि वेचणीही तेव्हाच. मजूर किलोच्या भावाने वेचायला मिळाला तर मिळाला, नाहीतर घरची बाई पहाटेपासून वावरात. ती कापूस वेचणार की पाहुण्यांच्या भाकरी थापणार?

ह्या बाईबद्दल मात्र कोणी अक्षर लिहीत नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली, ती चुलीच्या धुराने बायकांची फुप्फुसे जातात म्हणून. आता तीच चूल पाहुण्यासाठी पुन्हा पेटवायची, कारण ‘चुलीवरचे जेवण’ ह्या दोन शब्दांना भाव आहे. भाव आहे तर तिला मजुरी द्या! पण घरच्या बाईचे श्रम कोणत्याही शेताच्या हिशोबात धरलेले मी पाहिले नाहीत. पाहुण्यांच्या हिशोबात ते धरले जातील ह्यावर माझा विश्वास नाही.

कोणी म्हणेल, टिपेश्वर जवळ आहे, वाघ पाहायला लोक येतातच, त्यांना शेतावर उतरवा. वाघाचेही ऐका. पांढरकवड्याकडच्या लोकांनी २०१८ साली अवनी वाघिणीच्या भीतीने वावरात एकटे जाणे सोडले होते. २ नोव्हेंबरला ती मारली गेली, तेव्हा वेचणी तोंडावर होती. शहरातला माणूस मचाणावर एक रात्र मौजेने काढतो. आमचा माणूस रानडुक्कर आणि रोह्यांपासून पीक राखायला हिवाळाभर जागल करतो, आणि त्याला त्या रात्रींचे कोणी काही देत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. पांदण बांधा. कापूस बाजारात असेल तेव्हा आयातीचे दार बंद ठेवा, आणि हमीभावाने खरेदी करणारे केंद्र वेचणीच्या आधी उघडा. जागलीच्या जागी कुंपण द्या. एवढे झाल्यावर ज्याला हौस आहे आणि जागा आहे, तो चार खोल्या बांधील, पाहुणे बोलावील, चार पैसे मिळवील. त्याला माझी ना नाही. परंतु ज्याने हे काही केलेले नाही, त्याने कर्जात बुडालेल्या माणसाला पर्यटनाचे माहितीपत्रक देऊ नये. त्या माणसाला आणखी एक कर्ज नको आहे.

आणि वाचकहो, आपण ह्या सुटीत आमच्याकडे आलात तर अवश्य या. शेतकरी भाकरीचे पैसे मागील, ते द्या. घासाघीस करू नका. ती आमच्याशी बाजारात रोज होते.