मैदानामागची झुडपे काढू नयेत



मैदानामागची काटेरी जागा साफ करून तेथे हिरवळ लावावी, अशी सूचना पालक सभेत आली आहे. विश्वस्त मंडळाचा निर्णय अजून व्हायचा आहे, म्हणून वेळीच लिहीत आहे. माझे मत या सूचनेच्या विरुद्ध आहे.

तेथे वाळक्या काड्यांचे जाळे दिसते ते करीर. मराठीत यालाच नेपती म्हणतात. आपल्या ग्वाल्हेर-मुरैनाकडे याच्या फळांना टेंटी म्हणतात. टेंटीचे लोणचे आपण आवडीने खातो, झाड मात्र ओळखत नाही! कोवळ्या फांदीवर याला बारीक पाने येतात आणि थोड्याच दिवसांत गळतात. पुढे अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्याच करतात. पानांतून उडून जाणारे पाणी वाचते, म्हणून मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी हे झुडूप तग धरते. संस्कृत सुभाषितात करीर अभागी ठरला आहे, कारण वसंतातही त्याला पाने नसतात. पण त्याच वसंतात तो तांबड्या फुलांनी भरून जातो, हे मुलांनी मार्चमध्ये स्वतः जाऊन पाहावे.

दुसरे झुडूप आपल्याकडे नाही, पण हवे: गुग्गुळ. चंबळच्या घळींत ते आपोआप वाढते. खोडावर कागदासारखे पापुद्रे सुटतात, वर्षातला बराच काळ पाने नसतात. घरातला धूप आणि वैद्यांचा योगराज गुग्गुळ याच्याच डिंकापासून. जास्त डिंकाच्या लोभाने खोडाला खोल चिरा देतात आणि झाड मरते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. फांदीच्या तुकड्यापासून याचे रोप होते, म्हणजे हे काम आठवी-नववीच्या मुलांना सहज जमेल. सोबत एक शमीही लावावी. दसऱ्याला ग्वाल्हेरात शमीचीच पाने सोने म्हणून लुटतात, पण आपल्या आवारात शमी नाही.

काटे आहेत, साप निघेल, ही पालकांची काळजी रास्त आहे. त्यासाठी जागेला तारेचे कुंपण घालावे, मधून पायवाट काढावी आणि मुलांनी शिक्षकांबरोबरच आत जावे. खर्च हिरवळीपेक्षा कमी येईल. उन्हाळ्यात पिण्यासाठी टँकर मागवणाऱ्या शाळेने गवताला रोज पाणी घालणे मला तरी पटत नाही.

विलायती बाभूळ मात्र अवश्य काढावी. ही मूळची अमेरिका खंडातली. १९८० च्या दशकात चंबळच्या घळींत तिचे बी विमानातून टाकले गेले, आणि आता ती इतर झाडांना जागाच ठेवत नाही. आपल्याकडे ती कोपऱ्यात तीन-चारच आहेत. पावसाआधी मुळासकट निघाली तर तेवढ्या जागेत गुग्गुळाची दहा-बारा रोपे बसतील.