टेकडीवरची खुर्ची आणि मी टाकलेली पिन

गेल्या विकांताला परत घोरावडेश्वरला जाऊन आलो. नवीन काही नाही, महिन्यातून दोन रविवार तरी होतंच. चिंचवडहून सकाळची लोणावळा लोकल पकडायची, बेगडेवाडीला उतरायचं आणि पायऱ्या चढायला लागायचं. शनिवारी रात्री हापिसातून कितीही उशीर झाला तरी ही लोकल चुकत नाही. सोमवारी नऊच्या स्टँडअपला मात्र दर वेळी उशीर होतो, ते का हे मला अजून कळलेलं नाही :)

बहुतेक लोक वर जातात ते लेण्यांसाठी. बौद्ध लेणी, त्यात आता महादेव, महाशिवरात्रीला तुफान गर्दी. शिवाय तुकोबा चिंतनाला जायचे त्या तीन डोंगरांतला हा एक, बाकीचे दोन भंडारा आणि भामचंद्र. (झाडांवरचा त्यांचा तो अभंग इथे देत नाही. वृक्षारोपणाच्या प्रत्येक बॅनरवर असतोच, त्याखाली आठ जणांचे फोटोही असतात.) मी जातो ते मात्र लेण्यांच्या वर, माथ्यावरच्या पायवाटेवर. एका बाजूला एक्सप्रेसवे आणि गहुंज्याचं स्टेडियम, दुसऱ्या बाजूला रेल्वे आणि लांबवर भंडारा डोंगर. आणि मधे आमची झाडं.

आमची म्हणजे नेहमीच्या फिरणाऱ्यांची. प्रत्येकाला टोपणनाव आहे. 'भुत्या' आहे. हे नाव आम्ही दिलेलं नाही, त्या जातीलाच भुत्या म्हणतात. कांडोळ, पांढरूख अशीही नावं आहेत. पांढरी गुळगुळीत साल, उन्हाळ्यात एक पान नाही. पहाटे धुक्यात पहिल्यांदा बघितला तेव्हा मी खरंच दोन पावलं मागे आलो होतो. याच झाडाचा तो कराया डिंक. डिंकासाठी कुऱ्हाडीचे घाव घालून घालून कितीतरी ठिकाणची ही झाडं मेली. पुढे कातळाच्या फटीत 'भाडेकरू' आहे, म्हणजे खडकपायर. माती जवळजवळ नाहीच, नुसती मुळं दगडावर मेणासारखी ओघळलेली.

आणि खुर्ची. खुर्ची कुठल्या जातीची यावर दोन काकांचं तीन वर्षं भांडण चालू आहे, त्यात मी पडत नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा माथ्यावर असा काही सुटतो, की वाऱ्याकडच्या बाजूचे कोंब टिकतच नाहीत, आडोशाच्या बाजूचे तेवढे वाढतात. त्यामुळे अख्खं झाड पूर्वेला, देहूच्या दिशेला वाकलेलं. खालची एक फांदी जमिनीपासून दोन फुटांवर आडवी गेलेली, त्यावर बसायचं आणि थर्मासमधला चहा प्यायचा. म्हणून खुर्ची.

होती. आता फांदी नाही.

दोन वर्षांपूर्वी हापिसातल्या ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, जवळपास काहीतरी 'हटके' सुचवा. मी मोठ्या कौतुकाने खुर्चीचा फोटो टाकला आणि सोबत पिन. नेमकी जागा. आपण इंजिनियर माणसं, अक्षांश-रेखांश दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पिन एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेली, मग कुठे गेली देव जाणे. सहा-सात महिन्यांत खोडावर बाण आणि बदाम कोरलेले दिसायला लागले. मग एका रविवारी फांदी बुंध्यापासून फाटलेली. चार-पाच जण एकदम बसले असणार, किंवा कोणी उड्या मारल्या असतील. दोष द्यायला समोर कोणी नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडाने देणार?

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे, कारण आता त्याच ग्रुपला माझ्याकडून टेकडीवरच्या झाडांचा नकाशा हवाय. क्यूआर कोड, फोटो, माहिती, सगळं. "अरे, लोकांना कळलं तरच झाडं वाचतील ना," असं एकाचं म्हणणं. मुद्दा चुकीचा नाही. उन्हाळ्यात वणवा लागतो तेव्हा कोणाला माहीत नसलेलं झाड गुपचूप जळतं, त्याची बातमी होत नाही. देहूची नांदुरकी बघा. तुकाराम बीजेला भर दुपारी तिची पानं हलताना बघायला हजारो लोक माना वर करून उभे असतात. आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. त्याची मुळी माउलींच्या गळ्याला लागली आणि नाथांनी येऊन ती सोडवली, ही कथा घराघरात माहीत आहे. या झाडांना हात लावायची कोणाची टाप आहे? माहीत असणं हेच त्यांचं कुंपण.

पण नीट बघा, लोकांना तिथे काय माहीत आहे? गोष्ट. नांदुरकीचे अक्षांश-रेखांश कोणालाच ठाऊक नसतात आणि कोणाला त्याची गरजही नाही. मी ग्रुपवर खुर्चीची गोष्ट टाकली नव्हती, फक्त पत्ता टाकला होता. वाऱ्याचं सांगितलं नव्हतं, दोन काकांच्या भांडणाचं सांगितलं नव्हतं. मग येणाऱ्याला ते झाड म्हणजे बागेतल्या बाकड्यासारखंच वाटणार.

कायद्याचंही तसंच. 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा महाराष्ट्राने 2021 मध्ये बदलला आणि 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायचं ठरवलं. तोडायची वेळ आलीच तर झाडाचं वय जितकं तितकी झाडं लावायची आणि सात वर्षं सांभाळायची. कल्पना मला मनापासून आवडते. पण हा कायदा नागरी भागासाठी आणि आमचा डोंगर महापालिकेच्या हद्दीबाहेर. शिवाय वय ठरवणार कसं? आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत वर्षाची कडी स्पष्ट नसतात, म्हणून बुंध्याच्या घेरावरून अंदाज काढायचा. इथेच मोठा बग आहे. खाली काळ्या मातीत, नळाच्या पाण्यावर वाढलेलं झाड वीस वर्षांत कवेत मावत नाही. वर कातळावर, चार महिने पाणी आणि आठ महिने उपास काढणारं झाड मांडीएवढंच राहतं. मोजपट्टी लावली तर भाडेकरू कालचं पोर ठरेल.

परवा हे सगळं एका काकांना सांगत होतो. निगडीचे, निवृत्त, गेली कित्येक वर्षं दर रविवारी पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन वर येतात आणि नवीन लावलेल्या रोपांना घालतात. असे बरेच जण आहेत तिथे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी यादी झालीय का?"

म्हटलं, "हो काका. 41 झाडं, सगळी जीपीएससकट."

"मग ती मला दे. मार्च लागला की जाळरेषा काढतो आम्ही, कुठल्या झाडाभोवतीचं गवत आधी काढायचं ते कळेल. ग्रुपला कशाला देतोस? ते येणार एकदा."

इतकं सोपं होतं! आपण दिवसभर कोणाला कशाचा अ‍ॅक्सेस द्यायचा यावर मीटिंगा करतो आणि टेकडीवर गेलो की सगळं पब्लिक करून टाकतो. नकाशा हवाच, पण जो पाणी घालतो त्याच्याकडे. ज्याला झाडं बघायची आहेत त्याने बरोबर चालावं, मी दाखवीन, गोष्टीसकट. यावर ग्रुपमधल्या एकाने मला 'गेटकीपर' म्हटलंय. बरं, म्हणू दे. अजून तिघांनी येतो म्हटलंय, त्यांना रिकाम्या बाटल्या आणायला सांगितल्यात, खालूनच भरून घेऊ.

खुर्चीच्या जखमेशेजारून एक कोंब फुटलाय. वीतभर असेल. तोही पूर्वेकडेच निघालाय.