फ्यूज कोणासाठी उडतो?

मागच्या विकांताला केडगावला गेलो होतो. (दौंडजवळचं नव्हे, आपलं नगरचं, रेणुकामातेचं केडगाव. नगरचं अहिल्यानगर झालंय, पण एसटीचं तिकीट मागताना तोंडातून 'नगर'च निघतं.) दोन दिवस लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलं होतं. पण शनिवारी संध्याकाळी चुलतभाऊ आला. तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीत इन्स्ट्रुमेंटचं काम बघतो. चहा पिता पिता म्हणाला,

"दादा, तू इंजिनिअर ना? एक विचारू का?"

मी सॉफ्टवेअरवाला आहे हे सांगून उपयोग नसतो. गावात इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर!

तर झालं असं होतं की इथेनॉलच्या टाकीवर पातळी मोजायचा एक ट्रान्समीटर आहे. त्याची तार कंट्रोल रूममध्ये एका छोट्या डबीतून येते. या डबीला झेनर बॅरियर म्हणतात. तिच्या आतला फ्यूज महिन्यात दोनदा उडाला. डबी रेझिनने सीलबंद, त्यामुळे फ्यूज उडाला की अख्खी डबीच बदलायची. नवी यायला आठ दिवस. साहेब म्हणाले, "तोवर डायरेक्ट जोड, मीटर चालल्याशी मतलब." याने तसं केलं नाही, रीडिंग हातानेच घेणं चालू ठेवलं. पण त्याचा प्रश्न होता, "जरा मोठ्या फ्यूजची डबी मागवली तर?"

माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, त्यामुळे झेनर थोडाफार आठवत होता. बाकीचं रात्री बसून वाचलं आणि झोप उडाली.

आपल्याला वाटतं फ्यूज ठिणगी थांबवतो. साफ चूक. फ्यूज उडायला वेळ लागतो आणि स्फोटाला तेवढा वेळ लागत नाही. मिथेन पेटायला सुमारे ०.२८ मिलिज्यूल पुरतात, हायड्रोजनला ०.०२. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ अंशांच्या आसपास, म्हणजे नगरी उन्हाळा सोडाच, हिवाळ्यातल्या दुपारीही टाकीत पेटणारी वाफ असू शकते. तिथे जाणारी वीजच इतकी मोजून पाठवायची की तार तुटली, शॉर्ट झाली, तरी ठिणगीत पेटवण्याएवढा दम नसावा. हे काम झेनर आणि रेझिस्टर करतात. झेनर व्होल्टेज अडवतो, रेझिस्टर करंट. नेहमीच्या बॅरियरचे आकडे असतात २८ व्होल्ट, ३०० ओहम, आणि भागाकार केला की ९३ मिलिअँपिअर.

मग फ्यूज कशाला? तर झेनर वाचवायला!

कंट्रोल रूममध्ये चुकून २५० व्होल्ट त्या तारेवर आले तर झेनर ते अंगावर घेतो. पण किती वेळ घेईल? तो जळून उघडा पडला तर तेच २५० व्होल्ट टाकीकडे निघाले. म्हणून तो जळायच्या आत फ्यूज उडाला पाहिजे. आणि इथे मानकाचा हिशोब वाचून मी थक्क झालो. फ्यूज ५० मिलिअँपिअरचा असेल तर ५० धरायचेच नाहीत. त्याच्या १.७ पट, म्हणजे ८५ मिलिअँपिअर, फ्यूज न उडता कायम वाहतोय असं धरायचं. २८ गुणिले ०.०८५ म्हणजे २.३८ वॅट. त्यातही झेनरला त्याच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशच वापरायचं, म्हणजे किमान ३.५७ वॅटचा हवा. म्हणून ५ वॅटचा घ्यायचा. झेनर एकाऐवजी दोन-तीन असतात, पण ते भार वाटून घेतील असं धरायचं नाही, प्रत्येकाला एकट्याने पेलता आलं पाहिजे.

आता त्याच डबीत १०० चा फ्यूज घाला. १७० मिलिअँपिअर, ४.७६ वॅट, दीडपट केले की ७.१४. पाच वॅटचा झेनर गेला कामातून. मोठ्या फ्यूजला मोठे झेनर लागतात, आणि ती डबी वेगळी, तिचा दाखला वेगळा. (असे दाखले देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.)

हा सगळा विचार आला कुठून? १४ ऑक्टोबर १९१३ ला वेल्समधल्या सेंघेनिड इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि बचावाला गेलेल्या एकासह ४४० माणसं गेली. कारण सिद्ध झालं नाही, पण एक संशय होता सिग्नलच्या घंटीवर. कमी व्होल्टेजची साधी बॅटरीची घंटी! त्यानंतर व्हीलर आणि थॉर्नटन यांनी अशा सर्किटच्या ठिणग्यांवर संशोधन केलं. 'कमी व्होल्टेज आहे, काय होतंय' हे वाक्य तेव्हापासून बाद आहे.

आमच्या केडगावच्या जुन्या घरात किटकॅट फ्यूज होता. सारखा उडायचा म्हणून कोणीतरी त्यात जाड तार पिळून बसवली. नंतर तो कधीच उडाला नाही. सगळे खूश. भिंतीतली वायर मात्र गरम होत होती, ते रंगाला पोपडे आले तेव्हा कळलं.

हसू नका, हापिसात आपण हेच करतो. अलर्ट रात्री उठवतो? मर्यादा वाढवा. टाइमआउट येतो? दहाचे तीस सेकंद करा. टेस्ट अडते? कॉमेंट करा, शुक्रवारी रिलीज आहे. माझं स्पष्ट मत आहे की संरक्षणाचा आकडा त्रास किती होतो यावर ठरवायचा नसतो, त्याच्या मागे कोण उभं आहे आणि ते किती सहन करू शकतं यावर ठरवायचा असतो. आणि बॅरियर काढला तरी मीटर तसंच चालतं, हीच खरी गोची आहे. चांगल्या दिवशी संरक्षण बिनकामाचंच दिसतं.

असो. रविवारी निघताना भावाला एवढंच म्हणालो, "फ्यूज उगाच उडत नसेल रे, सप्लाय मोजून बघ." बुधवारी फोन आला. २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय बिघडून ३० वर गेला होता. झेनर बिचारे २८ ला अडवत होते आणि फ्यूज आपलं काम करत होता.

साहेबांनी सप्लाय बदलायला होकार दिला. नवा बॅरियर जुन्याच आकड्याचा मागवलाय. सोमवारी हापिसात गेल्यावर मी पण मागच्या महिन्यात वाढवलेली एक मर्यादा गुपचूप परत खाली आणली. तेव्हापासून रोज रात्री मोबाईल वाजतोय. कारण अजून सापडलं नाहीये, पण शोधतोय.