जुना मसुदा

मागच्या महिन्यात आमच्याच कचेरीत ज्युनिअरने एका ख्रिस्ती पक्षकार बाईंची घटस्फोटाची याचिका टाइप करून आणली. बाई वसईच्या. तक्रार सरळ होती, नवरा मारतो. तरी तिसऱ्या पानावर नवऱ्याचे परस्त्रीशी संबंध असल्याचा अख्खा परिच्छेद. विचारलं तर म्हणाला, "सर, जुन्या फाइलमधला मसुदा घेतला."

त्या परिच्छेदाचं मूळ १८६९ मध्ये आहे. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतलेल्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होई. बायकोने मात्र व्यभिचार तर दाखवायचाच, वर क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्यागही. नुसत्या माराने सुटका नव्हती. म्हणून वकील व्यभिचार 'घालायचे'. ख्रिस्ती विवाहाचं पावित्र्य राखायला निघालेल्या कायद्याने बायकांना शपथेवर खोटं बोलायला लावलं!

इंग्लंडने ही विषमता १९२३ मध्ये काढून टाकली, आपण ती जपून ठेवली. विधी आयोगाने १९६० आणि १९८३ मध्ये सांगून पाहिलं. अल्पसंख्याकांच्या कायद्याला हात कोण लावणार, असा एकंदर नूर. अखेर हलली ती न्यायालयं: १९९५ मध्ये केरळ, १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं पूर्णपीठ. संसदेने २००१ मध्ये क्रूरता आणि परित्याग ही स्वतंत्र कारणं केली, परस्पर संमतीसाठी कलम १०अ आणलं. त्यातही हात आखडताच; हिंदू जोडप्याला एक वर्ष वेगळं राहणं पुरतं, इथे छापील कलमात दोन वर्षं. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्याचं एक केलं.

कॅथलिक पक्षकाराला पहिल्याच भेटीत चर्चच्या कागदाबद्दल विचारा. धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाने लग्न शून्य ठरवलं म्हणजे आपण मोकळे, असं समजून अनेकजण दुसऱ्या लग्नाची तारीख काढून मोकळे होतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मॉली जोसेफ प्रकरणात सांगितलंय की त्या निर्णयाने कायद्याचं लग्न मोडत नाही. उलट, आपला हुकूमनामा हातात असूनही चर्चमध्ये लग्न लागत नाही. (गोव्याचं गणित निराळं, तिथे पोर्तुगीज नागरी कायदा.)

बाईंना तिसरं पान वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तो तसा नाही हो. हात उचलतो, एवढंच." परिच्छेद खोडला. त्या 'एवढंच'ला मात्र अडीच पानं लागली, तारखांसकट.